एक फेरी पळा, एक फेरी चाला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा कार्यक्रम खरं तर वरच्या मजल्यावर, आपल्या दहावीच्या वर्गात करायचा बेत होता. ग्रुपवर तसं टाकल्याबरोबर धडाधड उत्तरं आली : ‘जिना नको’, ‘गुडघे कुरकुरतात’, ‘मी आपली खालीच बसेन’. म्हणून आपण या खालच्या हॉलमध्ये जमलो आहोत. संयोजक म्हणाले, ‘तू फिजिओथेरपिस्ट आहेस ना, मग गुडघ्यांवर बोल.’ बोलते. पण त्याआधी मला एक चूक कबूल करायची आहे.

माझ्या आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी नोकरीत चांगली मुरलेली होते. मी तिला सांगितलं, ‘आई, जिना चढू नकोस, खाली बसू नकोस, पायांना आराम दे.’ आईने लेकीचा शब्द तंतोतंत पाळला. दोन वर्षांत तिच्या मांड्या काटकीसारख्या झाल्या. अंगणातल्या तुळशीपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात लागायचा. एकदा मला म्हणाली, ‘तू सांगितलंस तसं सगळं केलं गं, तरी पाय का उचलत नाहीत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, पण ते ऐकायला आई नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि ते हालचालीवर अवलंबून असतं. पाय टेकला की कूर्चा स्पंजासारखी दाबली जाते, उचलला की द्रव पुन्हा आत शोषला जातो. पाय हललाच नाही तर हे पोषण मंदावतं. दुसरी गोष्ट मांडीच्या स्नायूची. चालताना बसणारा हिसका हा स्नायू झेलतो. तो सुकला की सगळा भार सांध्यावर येतो. म्हणजे ‘आराम’ देऊन मी आईचे दोन्ही आधार काढून घेतले होते. आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेवर, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, व्यायाम हा पहिल्या उपचारांपैकी एक मानला आहे.

छप्पन्नाव्या वर्षी माझा उजवा गुडघा बोलायला लागला. आता व्यायाम करायचा हे माहीत होतं, पण अर्धा तास सलग चाललं की रात्री पाय ठणकायचा. तेव्हा मला आपले पी.टी.चे सर आठवले. आठवतं ना? मैदानावर शिट्टी वाजायची आणि सर ओरडायचे, ‘एक फेरी पळा, एक फेरी चाला!’ आपल्याला वाटायचं, सरांना दया आली म्हणून मधे चालायला सांगतात. सर आपल्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. त्याचा सराव कसा होता? ४०० मीटर जोरात, मग थोडं सावकाश, पुन्हा ४०० मीटर जोरात. सरांची शिट्टी आणि झाटोपेकचा सराव, तत्त्व एकच. आज त्याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात.

‘हाय इंटेन्सिटी’ म्हटलं की डोळ्यांपुढे उड्या मारणारी तरुण मुलं येतात. इथेच गल्लत होते. जोर द्यायचा तो हृदयाला आणि श्वासाला, गुडघ्याला आपटायचं नाही. त्यासाठी घरातली स्थिर सायकल उत्तम, कारण शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते. सीट मात्र उंच हवी : पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असली की गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो.

माझा क्रम सांगते. पाच मिनिटं हलकं पेडल. मग तीस सेकंद जोरात, दीड मिनिट सावकाश. सुरुवातीला अशा चारच फेऱ्या केल्या, दोन महिन्यांत आठवर गेले. शेवटी पुन्हा पाच मिनिटं हलकं. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. जोर किती? जोराच्या वेळी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये आणि सावकाशीत पूर्ण वाक्य बोलता यावं. ज्याला पाच पायऱ्यांनी धाप लागते, त्याचा जोर तेवढाच. शेजाऱ्याशी तुलना नाही.

याला पुरावा काय? ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात गुडघ्याची झीज असलेल्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून चार वेळा, घरीच सायकल चालवली. काहींनी सलग, काहींनी थांबून-थांबून जोरात. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना फायदा झाला. खुर्चीतून उठून थोडं चालून परत बसण्याच्या चाचणीत जोरवाल्यांची प्रगती जास्त होती. पण प्रयोग लहान, शेवटपर्यंत टिकले सतराच जण. उलट अमेरिकेत ३७७ जणांवर अठरा महिने एक मोठा अभ्यास झाला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. त्यात जड वजनं उचलणाऱ्यांचं गुडघेदुखीचं प्रमाण हलकी वजनं उचलणाऱ्यांपेक्षा कमी झालं नाही. मी यातून घेतलेला धडा साधा आहे : जास्त जोर म्हणजे जास्त गुण, असं नाही. मला खरा उपयोग झाला तो मधल्या विश्रांतीचा. जो गुडघा सलग अर्धा तास नाही म्हणतो, तो तीस-तीस सेकंद आनंदाने हो म्हणतो.

थोडी पथ्यं. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आपल्या वयात इतरांनीही विचारलेलं बरं. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. गुडघा सुजलेला, गरम किंवा अडकत असेल तर त्या दिवशी जोर नाही, आधी दाखवून घ्या. व्यायामाच्या वेळी थोडं दुखलं तर घाबरू नका, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी दोन फेऱ्या कमी करा. व्यायाम सोडू मात्र नका.

माझी झीज भरून आलेली नाही. एक्स-रे तसाच आहे. पण मी मंडईतून पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढते, आणि नातवाबरोबर पत्ते खेळायला जमिनीवर बसते.

आता शेवटचं. चहा झाल्यावर मी आपल्या वर्गात जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर या. कठडा धरायचा. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. पाच पायऱ्या चढायच्या, थांबायचं, गप्पा मारायच्या, पुन्हा पाच पायऱ्या. घाई कुणालाच नाही, तास केव्हाच संपला आहे.

आणि सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्ही खालीच थांबा हवं तर, पण शिट्टी तेवढी तुम्हीच वाजवा.