समोरासमोर बसून बोला
(घुग्घुस येथें कॉलेजांत जाणाऱ्या मुलांपुढें दिलेलें भाषण)



आम्ही पडलों खेड्यांतील मास्तर. आमचें कॉलेज म्हणजे मराठी अध्यापक विद्यालय. तरी आमच्या हाताखालचे दोन मुलगे चंद्रपुरास कॉलेजांत गेले आणि एकमेकांशीं बोलेनासे झाले, म्हणून आज उभे राहिलों आहों. एक कुणब्याचा, दुसरा गोंडाचा. चार वर्षें एका बाकावर बसलेले. बापही एकाच कोळशाच्या खाणींत.

वाद नोकरीचा. जिल्हा पातळीवरील भरतींत इतर मागासवर्गास गडचिरोलींत 6 व चंद्रपुरांत 11 टक्केच जागा ठेवल्या गेल्या. राज्याचें प्रमाण 19. कुणब्याचा मुलगा म्हणतो, आमचें कापलें. गोंडाचा म्हणतो, जंगल आमचें गेलें, जमीन गेली, नोकरींत तरी वाटा नको काय? पुढें आंकडे बदलले, मनें बदललीं नाहींत. दोघेही बोलतात तें मोबाइलवर, आपापल्या गोटांत. तेथें टाळी देणारेच असतात.

मग वाद करावयाचा कोठें? 1989 सालीं मुंबईस एका विद्यार्थी पुढाऱ्याचा निवडणुकीच्या वैरांतून खून झाला. 1994 च्या कायद्यानें कॉलेजांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या व गुणांवर प्रतिनिधी नेमले जाऊं लागले. 2016 च्या कायद्यांत निवडणुकीची तरतूद परत आली. बंदीनें मारामारी थांबली असेल, पण आमच्या मतें समोरच्याचें ऐकण्याची संवयही गेली. 2011 त गोंडवाना विद्यापीठ झालें तें याच दोन जिल्ह्यांसाठीं. कुणबी, गोंड, तेली, बौद्ध, बंगाली एका वर्गांत बसतात असें दुसरें ठिकाण या मुलखांत कोठें आहे?

दिवाळींत आम्हीं दोघांस ओसरीवर बसविलें. अट एकच: आधीं दुसऱ्याचें म्हणणें सांगावयाचें, आणि तो "होय, हेंच माझें म्हणणें" म्हणेपर्यंत आपलें काढावयाचें नाहीं. कुणब्याचा मुलगा तीनदां चुकला. चौथ्यांदां त्याच्या तोंडून जमिनीचा शब्द निघाला, तेव्हां दुसरा मान खालीं घालून बसला. मग त्यानें विचारलें, "तुझ्या बहिणीची नोकरी किती गुणांनीं हुकली?" एकमत झालें नाहीं, झालें म्हणूं तर तें खोटें होईल. शिवी मात्र निघाली नाहीं, आणि चहा दोनदां झाला.

येत्या रविवारीं सकाळीं शाळेच्या व्हरांड्यांत पुन्हां बसूं. विषय दारूबंदी, आपल्या जिल्ह्यांत ती 2015 त आली, 2021 त उठली. दोन्ही बाजूंचे या. ज्याची जी बाजू असेल, त्यानें दुसरी आधीं मांडावयाची आहे.