उचल फिटेपर्यंत



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषण मला येत नाही. मनाला लागून राहिलेली एक गोष्ट तेवढी सांगते.

दोन वर्षांमागे विटाभट्टीवरची एक बाई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन माझ्या दारी आली. मी म्हटले, "बाई, वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडाऱ्याचा दवाखाना." ती म्हणाली, "उचल फिटेपर्यंत मालक जाऊ देत नाही." मी भाकर दिली आणि दार लावले. ती पुन्हा दिसली नाही.

गुलाम म्हटला की पायात बेडी, असे मी समजत होते. पण उचलीपायी जाणे-येणे बंद, मजुरी अपुरी, हिशेब दाखवायचा नाही, कागदपत्रे मुकादमाजवळ, हीच वेठबिगारी! १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली, तसले कर्जही रद्द ठरले. तरी २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढ्या राखायला राबवलेली आढळली.

मग आपण काय करावे? मालकाशी भांडू नये. त्याचा राग त्या बाईवरच निघतो. तिला एकटीला गाठून मायेने विचारावे. तिच्या संमतीने तहसीलदारांना वा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. लेकरू राबत असेल तर १०९८, जिवाला धोका असेल तर ११२ हा नंबर फिरवावा. सुटकेनंतर सरकारी मदत मिळते. शेजार मात्र आपणच द्यायचा.

मंडळाच्या या वाढदिवशी एवढेच मागते: माझ्यासारखे दार लावू नका.