राब, पऱ्हाटी आणि कोंबडीखत
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी अलिबागकडचा, भातवाला. आमच्या रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुम्ही त्याच्या पाव हिश्श्यावर कापूस आणि ज्वारी काढता. तेव्हा तुम्हाला शेती शिकवायला मी आलेलो नाही. आमच्याकडची एक गोष्ट तेवढी सांगतो.

आम्ही राब भाजतो. रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, पातेरा अंथरून जाळायचा आणि त्यावर भात पेरायचं. या टहाळापायी जुन्या ठाणे-कुलाब्यात जंगल खात्याविरुद्ध एवढा असंतोष माजला, की 1885 साली इंग्रज सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. पुढे डॉ. नारायण सावंतांनी चारसूत्री भात पद्धतीत रोपवाटिकेला चौरस मीटरमागे अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख सांगितली. काळी राख म्हणजे पुरतं न जळलेलं तूस, एका अर्थी कोळसाच. त्याच कोळशाला आता बायोचार असं भारदस्त नाव मिळालं आहे.

आता कोंबडीखताकडे येतो. ब्रॉयलरच्या सुक्या गादीखतात टनाला साधारण 30 किलो नत्र असतं. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते 20 किलो 700 ग्रॅम. म्हणजे टनभर खतात जवळजवळ दीड गोणी, शिवाय स्फुरद आणि पालाश वेगळं. पण ढीग ओला झाला की नाकाला झोंबतो. तो झोंबणारा वास म्हणजे अमोनिया, म्हणजेच नत्र. ट्रॉलीचे पैसे आपण मोजायचे आणि माल वाऱ्याने न्यायचा! कोळशाच्या बारीक छिद्रांत यातलं बरंच अडकून राहतं.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. कोळसा कशाला, चुलीची पांढरी राख आहेच की, म्हणून तीच ढिगात कालवली. डोळ्यांतून पाणी आलं. राखेच्या खारानं अमोनिया उलट जोरात उडाला आणि भात पिवळं पडलं. म्हणून सांगतो, राख नको, कोळसा हवा.

तुमच्याकडे तर पऱ्हाटी आहे. ती बांधावर पेटवता, नाहीतर रचून ठेवता आणि तिच्यातल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. कमरेइतका, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा घ्या. वाळलेल्या काड्या वरून पेटवा. वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाका. खड्डा भरला की पाणी मारा. पाणी नसेल तर मातीनं गच्च दाबा आणि दोन दिवस उकरू नका. आत धग असते, माझी एक ताडपत्री त्यात गेली.

कोळसा ज्वारीच्या दाण्याएवढा कुटून भिजवा. नऊ टोपल्या खताला एक टोपली मिसळा. ढीग मुठीत दाबला तर ओल लागावी, पाणी गळू नये. वर झाकण घाला. आठ-दहा दिवसांनी पालटा, असं दोन महिने. ढीग चांगला तापला पाहिजे. कच्चं खत कोरडवाहूत टाकाल आणि पाऊस ताणेल, तर रोप करपेल. रोग आलेल्या शेडचं खत फुकट मिळालं तरी आणू नका. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, 2025 साली तो आमच्या उरण तालुक्यात चिरनेरलाही आला.

एक फरक ध्यानात धरा. आमची जमीन आम्लधर्मी, तिला कोळशाचा खार मानवतो. तुमची काळी जमीन चुनखडीची, मुळातच खाराकडे झुकलेली. माझा ताळा तुमच्या रानात जसाच्या तसा बसेल असं मी म्हणणार नाही. सगळ्या वावरात घालू नका. चार तासांत कोळशाचं खत, शेजारच्या चार तासांत नुसतं कोंबडीखत. पेरणीआधी एकरी टनभर पुरे, तेवढा युरिया कमी करा, आणि वेचणीला दोन्हीकडचा कापूस वेगळा तोला. मजुरीही लिहा. पऱ्हाटी गोळा करायला बायकांचे दिवस जातात, ते हिशेबात धरत नाहीत म्हणून असले प्रयोग कागदावर नेहमी फायद्यात दिसतात.

दोन पोती आणली आहेत, एकात कोळसा, दुसऱ्यात तयार खत. चहाच्या वेळेला मांडवामागे या, हातात घ्या, वास घेऊन बघा.