बशी पालथी घाला, मग भाव विचारा

आजचा विषय आहे चिनी मातीच्या जुन्या भांड्यांच्या बुडाखालचे शिक्के. कप, बशी, प्लेट, काहीही पालथं घातलं की खाली मुकुट, सिंह, तलवारी, नाहीतर नुसतं नाव दिसतं ना, तेच.

हे कळून काय फायदा? मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन कुणीतरी सांगतं, "दीडशे वर्षं जुनी इंग्लिश प्लेट आहे, साहेब." आणि तुम्ही पैसे मोजून मोकळे होता. उलटंही होतं. आजीच्या कपाटातली चांगली बशी घर आवरताना भंगारात जाते, कारण ती कुणी उलटी करून बघितलेलीच नसते. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

तर एक नियम लक्षात ठेवा. शिक्का बहुतेक वेळा 'ही वस्तू अमुक साली केली' असं सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की 'ही त्याच्या आधीची नाही.' आणि एकाच शिक्क्यात चार खुणा असतील, तर त्यातली सगळ्यात अलीकडची धरायची.

आता इंग्लंडच्या मालावर हा नियम लावून बघू.

पहिली खूण, देशाचं नाव. अमेरिकेच्या मॅकिन्ले कायद्यामुळे १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. त्यामुळे प्लेटखाली 'इंग्लंड' असेल तर ती साधारणपणे १८९१ नंतरची. काही कारखाने आधीपासून लिहायचे, पण थोडेच. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. जपानी मालाचंही तसंच. 'निप्पॉन' लिहिलेली भांडी साधारण १८९१ ते १९२१ मधली, त्यानंतर 'जपान' आलं. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची.

दुसरी खूण, डिझाइनची नोंदणी. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या डिझाइनला पत्त्यातल्या चौकटसारखा शिक्का असायचा. वरच्या गोलात रोमन चार असेल तर चिनी मातीचा वर्ग. कोपऱ्यांत दिवस, महिना, वर्ष यांच्या खुणा. वर्षाची अक्षरं मात्र क्रमाने नाहीत बरं का! १८४२ ला एक्स, १८४३ ला एच. त्यामुळे तक्ता जवळ हवाच. १८८४ पासून ही चौकट गेली आणि 'आरडी नंबर' आला, एकपासून सुरू. १९०० पर्यंत तो साडेतीन लाखांच्या आसपास पोचला होता.

पण थांबा, ही तारीख डिझाइनची आहे, तुमच्या हातातल्या प्लेटची नाही. चाललेलं डिझाइन कारखाने वर्षानुवर्षं काढायचे. नंबर १८९० च्या आसपासचा आणि शेजारी 'मेड इन इंग्लंड' असेल, तर कुणाचं ऐकायचं? अलीकडच्या खुणेचं.

तिसरी गोष्ट, नाव. जोसाया वेजवुडने १७५९ मध्ये धंदा सुरू केला. त्याच्या नावात 'जी'च्या नंतर 'ई' नाही. मधे जास्तीचा 'ई' घालून तसाच शिक्का मारणारे दुसरे कारखानदार एकोणिसाव्या शतकातच होते. 'वेजवुड अँड कंपनी' हाही वेगळाच कारखाना. म्हणून नाव अक्षर-अक्षर लावून वाचा. आणि 'विलो' लिहिलेलं दिसलं तर ती कंपनी नव्हे. ते निळ्या नक्षीचं नाव आहे, जी पुष्कळ कारखान्यांनी काढली.

चौथी, शिक्क्यातलं साल. जर्मनीच्या व्हिलेरॉय अँड बॉखच्या आजच्या मालावरही '१७४८' दिसतं. ते कंपनी सुरू झाल्याचं साल. आणि खाली 'डिशवॉशर सेफ' लिहिलं असेल, तर पुढे मी काही बोलायला नको!

शेवटी, शिक्का खोटाही असतो. मायसेनच्या दोन तलवारींची नक्कल तर युरोपभर झाली. म्हणून शिक्क्यावरून अलगद नख फिरवा. चकाकीच्या खाली छापलेला शिक्का नखाला लागत नाही; वरून मारलेला कधीकधी जाणवतो. असा शिक्का खोटाच असेल असं नाही, पण तो नंतर मारलेला असू शकतो. मग बुडाची कड बघा. खऱ्या वापराचे ओरखडे कसेही, वेड्यावाकड्या दिशांनी असतात. सगळे एकाच दिशेने, एकसारखे दिसले, तर कुणीतरी कागद घासलाय.

तेव्हा भाव विचारायच्या आधी फोनचा टॉर्च लावा, बुडाचा स्पष्ट फोटो काढा, अलीकडची खूण शोधा. विकणारा भांडं पालथं घालू देत नसेल, तर सरळ पुढच्या दुकानात जा. आणि आज घरी गेल्यावर आजीला विचारून दोन-चार बश्या उलट्या करून बघा. फक्त दोन्ही हातांनी धरा हं! भेटू पुढच्या भागात.