कलावंतांची छोटी प्रकाशनसंस्था



मोठ्या कारखान्यात काम कसे चालते, हे भोपाळच्या बरखेडा वसाहतीतील रहिवाशांना समजावून सांगण्याचे कारण नाही. १९५६ साली येथे हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, आणि तेव्हापासून ट्रान्सफॉर्मर व टर्बाइने हे शब्द येथील घराघरांत रुळले. अशा यंत्राचा आराखडा एक जण काढतो, सुटे भाग दुसरा घडवितो, जुळणी तिसरा करतो आणि तपासणी चौथ्याच्या हाती असते. पुस्तकाचीही रीत सामान्यतः हीच. लेखक हस्तलिखित देतो आणि बाजूला होतो. पुढे प्रकाशक, चित्रकार, जुळारी आणि विक्रेता आपापला वाटा उचलतात. ही विभागणी सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु कवितेला ती नेहमीच मानवते असे नाही. म्हणूनच मुंबईच्या काही कलावंतांनी लिहिण्यापासून विकण्यापर्यंतचा सारा व्याप स्वतःच्या अंगावर घेतला.

या खटाटोपाचा आरंभ १९५४ साली झाला. त्या वर्षी दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ नावाचे अनियतकालिक सुरू केले. ते चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइलवर काढलेले होते. देखणेपणाचा तेथे प्रश्नच नव्हता. संपादकाच्या दारी न तिष्ठता आपली कविता वाचकापर्यंत नेता येते, एवढे मात्र त्यामुळे सिद्ध झाले. पुढे १९६३ साली अशोक शहाणे यांनी ‘असो’ काढले. अशाच अनियतकालिकांमधून साठोत्तरी मराठी साहित्याची नवी वाट फुटली.

अशी नियतकालिके अल्पायुषी असतात. पुस्तक टिकते. १९७६ साली मुंबईत चार कवींनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही संस्था स्थापन केली. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा हे ते चौघे. त्यांतील पटेल व्यवसायाने डॉक्टर आणि वृत्तीने चित्रकारही होते. कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकलेले, जाहिरातकलेत त्यांनी सहा वेळा कम्युनिकेशन आर्ट्स गिल्डचे पारितोषिक मिळविले होते. संस्थेने पहिल्याच वर्षी चौघांचा एकेक इंग्रजी संग्रह काढला. पुस्तकांचे दर्शनी रूप कोलटकरांनी सिद्ध केले.

त्या चार पुस्तकांपैकी एक ‘जेजुरी’. तिच्यात एक प्रसंग आहे. खंडोबाचे दर्शन उरकून यात्रेकरू स्टेशनाकडे निघतो. वाटेत ज्वारीच्या शेतात कोंबडे आणि कोंबड्या उड्या मारताना त्याला दिसतात. कवीने त्या उड्यांचे वर्णन करण्याऐवजी शब्दांनाच पानावर वरखाली नाचविले आहे. एखाद्या शिस्तप्रिय मुद्रकाने त्या ओळी सरळ रेषेत बसविल्या असत्या, तर कविता तेथेच संपली असती. पान कसे दिसावे, हा येथे सजावटीचा विषय उरत नाही. तो अर्थाचाच भाग होतो. कलावंतांनी प्रकाशक व्हावे याचे मर्म या एका पानात सापडते. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला.

मराठी कवितेसाठी हेच कार्य शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने केले. १९७७ साली ‘प्रास’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्या वेळी कोलटकर दोन दशकांहून अधिक काळ लिहीत होते, आणि तरीही तो त्यांचा पहिला मराठी संग्रह होता.

येथे या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. छोट्या संस्थेला फिरते विक्रेते नसतात, गोदाम नसते, हाताशी भांडवल नसते. महाराष्ट्राबाहेर, भोपाळसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती असे पुस्तक पडणे हा बहुधा योगच. भोपाळच्या वाट्याला मात्र यातील एक कलावंत प्रत्यक्ष आला. १९८२ साली येथे भारत भवन उभे राहिले, आणि त्याच्या ‘वागर्थ’ या काव्यकेंद्राची धुरा काही काळ दिलीप चित्रे यांनी वाहिली. चित्रे यांचा इंग्रजी संग्रह १९८० साली क्लिअरिंग हाऊसनेच काढला होता. पण ती संस्था पुढे फार काळ चालली नाही. १९८४ नंतर तिचे काम थांबले.

‘प्रास’ टिकले. कोलटकरांच्या पहिल्या मराठी संग्रहानंतर पाव शतक लोटले. कवी दुर्धर आजाराने ग्रासला गेला, आणि मग मित्रांनी घाई केली. अल्पावधीत ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ हे मराठी आणि ‘काळा घोडा पोएम्स’, ‘सर्पसत्र’ हे इंग्रजी ग्रंथ ‘प्रास’ने वाचकांपुढे ठेवले. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकरांचे निधन झाले. ‘भिजकी वही’ला २००५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो स्वीकारण्यास कवी नव्हता.

नफातोट्याच्या हिशेबाने पाहिले, तर अशा संस्थांच्या खात्यावर फारसे काही जमा दिसणार नाही. परंतु पाव शतक एका कवीची वाट पाहणे, आणि वेळ थोडा उरला असे दिसताच सारी कामे बाजूला सारून त्याचे पुस्तक त्याच्या मनाजोगते छापून देणे, हे कोणत्या मोठ्या कारखान्याच्या वेळापत्रकात बसले असते? यंत्र मोठे असावे. देशाला त्याची गरज आहे. मात्र काही वस्तू अशा असतात की त्या मित्राच्या हातूनच नीट घडतात. कवितेचे पुस्तक ही त्यांतलीच एक वस्तू होय.