प्रतिकृतीच्या अंगावरील गंज

लंडनमध्यें ग्रीनिच येथें जें राष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे, त्यांत सतराव्या शतकापासूनच्या इंग्रजी युद्धनौकांच्या लांकडी प्रतिकृति जतन केलेल्या आहेत. त्यांतील कित्येकींच्या तळाच्या फळ्या मुद्दाम बसविलेल्या नाहींत. त्यामुळें आंतील फासळ्यांची रचना स्पष्ट दिसते. कोरीवकाम पाहावें, तर तें नखाएवढ्या जागेंत भरलेलें. परंतु समुद्राच्या पाण्याचा एकही डाग या नौकांवर आढळावयाचा नाहीं, आणि तो असण्याचें कारणही नाहीं. जहाज बांधणाराच्या मनांत काय होतें, हें त्यांनीं सांगावयाचें असतें. तें जहाज पुढें कोणत्या वादळांतून गेलें व कोणाशीं लढलें, हा त्यांचा विषय नव्हे.

अर्वाचीन काळांतील हौशी कारागीर मात्र नेमका हाच विषय हातीं घेतो. तो युद्धनौकेची लहान प्रतिकृति तयार करतो, आणि ती पुरी झाल्यावर आपल्याच हातानें ती मळवूं लागतो. ताज्या रंगावर गंजाचे ओघळ काढतो, धुराड्याच्या तोंडाशीं काजळी धरवितो, जलरेषेशीं हिरवट शेवाळ दाखवितो. घरांतील वडील माणसांना हा प्रकार विचित्र वाटतो. सहा-सहा महिने खपून केलेली वस्तु अशी बिघडवावी कां, असें तीं विचारतात. या प्रश्नाचें उत्तर एका विशिष्ट नौकेच्या उदाहरणानें चांगलें देतां येईल. आणि ती नौका मुंबईकरांना अगदींच परकी नाहीं.

इंग्लंडांतील बर्कनहेड येथील गोदींतून १ सप्टेंबर १९३२ रोजीं ‘अकिलीस’ नांवाची क्रूझर पाण्यांत उतरली. लांबी सुमारें ५५४ फूट, एकच रुंद धुराडें, आणि चार बुरुजांत मिळून सहा इंची आठ तोफा, असें तिचें रूप होतें. १३ डिसेंबर १९३९ या दिवशीं दक्षिण अमेरिकेच्या पूर्वेस, प्लेट नदीच्या मुखाबाहेरील समुद्रांत, ‘अकिलीस’, ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झीटर’ या तीन क्रूझरांनीं ‘ग्राफ स्पे’ या जर्मन युद्धनौकेशीं झुंज दिली. ‘ग्राफ स्पे’च्या तोफा अकरा इंची होत्या. तरी तिला माँटेव्हिडिओ बंदराचा आश्रय घ्यावा लागला, आणि चार दिवसांनीं तिच्याच लोकांनीं ती बंदराबाहेर नेऊन बुडविली. पुढें १९४८ सालीं ‘अकिलीस’ भारतानें विकत घेतली व तिचें नांव ‘दिल्ली’ असें ठेवलें. लढाईच्या दिवशीं तिचे कप्तान असलेले पॅरी हेच त्या वर्षीं भारतीय आरमाराचे सरसेनापति झाले, हा योगायोगही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

अशी नौका करावयास घेतली म्हणजे नुसतें जहाज ठरवून भागत नाहीं. दिवसही ठरवावा लागतो. १९४३च्या जानेवारींत ग्वाडलकनालजवळ ‘अकिलीस’च्या तिसऱ्या बुरुजावर बाँब पडला. तो बुरूज काढून टाकण्यांत आला, आणि त्याच्या जागीं दुसरा कधींच बसला नाहीं. तेव्हां मुंबईस आलेल्या ‘दिल्ली’वर सहाच तोफा होत्या. ‘दिल्ली’ला आठ तोफा दिल्या तर तें चित्र खोटें, आणि प्लेट नदीच्या ‘अकिलीस’ला सहा दिल्या तर तेंही खोटें. जो नियम तोफांना, तोच गंजाला. अमुक दिवशीं अमुक जागीं तो कां असावा, हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्यानें कुंचला उचलूं नये.

कारागिरानें १३ डिसेंबर १९३९ची संध्याकाळ निवडली आहे, असें समजावें. एकास साडेतीनशे या प्रमाणांत ‘अकिलीस’ जेमतेम एकोणीस इंच लांब होते. तिच्यावरील खलाशी पांच मिलिमीटर उंचीचा, आणि तो ज्याला धरून उभा राहतो तो कठडा तीन मिलिमीटरांचा. हे कठडे आम्लानें कोरून काढलेल्या पातळ पितळी पत्र्याचे असतात. ते चिमट्यानें वाकवून बसवावे लागतात. डोलकाठ्यांच्या तारांसाठीं प्लॅस्टिकची काडी ज्योतीच्या आंचेवर मऊ करून हलकेच ताणतात, म्हणजे केसासारखा तंतु निघतो. रंगाची जाडीसुद्धां या हिशेबांतून सुटत नाहीं. मिलिमीटराच्या दहाव्या हिश्श्याएवढा थर दिला, तर खऱ्या नौकेवर तो साडेतीन सेंटिमीटरांचा गिलावा ठरेल. म्हणून रंग कुंचल्यानें न फांसतां हवेच्या दाबानें फवारतात. शिवाय एक फुटावरून प्रतिकृति पाहणें म्हणजे साडेतीनशे फुटांवरून जहाज पाहणें होय. इतक्या अंतरावर रंग फिका दिसतो. यासाठीं अनेक कारागीर मूळ करड्या रंगांत थोडा पांढरा मिसळतात.

यानंतर मळाचें काम. ‘अकिलीस’ ऑगस्टच्या अखेरीस ऑकलंडहून निघाली होती. लढाईच्या दिवसापर्यंत तिचे साडेतीन महिने बहुतेक समुद्रावरच गेले होते. इतक्या काळांत कोणत्याही पोलादी जहाजावर खाऱ्या पाण्याच्या खुणा उमटावयाच्याच. परंतु त्या वाटेल तेथें उमटत नाहींत. नांगराची सांखळी ज्या भोंकांतून सुटते, तेथें लोखंड लोखंडावर घासून रंग जातो. म्हणून गंजाचा पहिला ओघळ नांगराखालीं. तख्तावरील पाणी ज्या मोऱ्यांनीं बाहेर पडतें, त्यांच्या खालीं दुसरे. नाळेच्या बाजूस लाटांचा मारा सारखा होत असल्यामुळें तेथें काजळी टिकत नाहीं, मिठाचा पांढुरका पट्टा मात्र राहतो. धूर मागें वाहतो, म्हणून धुराड्याच्या पुढच्या अंगापेक्षां मागील डोलकाठी अधिक काळवंडते.

हे ओघळ काढण्याची रीत सोपी आहे, पण तिला धीर लागतो. प्रथम मूळ रंगावर पारदर्शक वार्निशाचा हात देऊन तो पुरता वाळूं द्यावा. मग तपकिरी तैलरंगाचा सुईच्या टोंकाएवढा ठिपका ठेवावा. टर्पेंटाईनमध्यें बुडवून जवळजवळ कोरडा केलेला कुंचला त्या ठिपक्यावरून सरळ खालीं ओढावा, आणि पुनःपुन्हां ओढावा, इतका कीं रंग गेला असें वाटावें. ओघळ वर गडद व खालीं विरत गेलेला असला पाहिजे, कारण पाण्याची रीत तीच आहे. येथें बहुतेक सर्वांचा हात घसरतो. पहिला ओघळ साधला कीं दुसरा काढावासा वाटतो, आणि संध्याकाळपर्यंत भंगारांत काढलेलें जहाज टेबलावर उभें राहतें. एक मिलिमीटराचा डाग म्हणजे खऱ्या जहाजावर पस्तीस सेंटिमीटरांचें भगदाड, हा हिशेब त्या भरांत सुटतो.

हिशेबापेक्षांही एक मोठी गोष्ट त्या भरांत सुटते. युद्धनौकेवर गंज चढणें हें तिच्या माणसांना लाजिरवाणें असतें. समुद्र शांत झाला, बंदर लागलें, कीं खलाशी दोरांच्या पाळण्यांत बसून नौकेच्या अंगावर उतरतात, गंज खरवडतात, तांबडा अस्तर-रंग लावतात आणि वर करडा हात फिरवितात. या दुरुस्तीचीं ठिगळें जुन्या उडालेल्या रंगांत थोडीं वेगळीं दिसतात. हीं ठिगळें जाणता कारागीर दाखवितो, आणि ओघळ मोजकेच काढतो. प्रतिकृति गंजानें माखून टाकणें म्हणजे शेंकडों माणसांच्या श्रमांवर आळसाचा आरोप ठेवणें होय. आणि तीच अगदीं कोरी ठेवणें म्हणजे त्यांचे साडेतीन महिने पुसून टाकणें होय. या दोहोंमधील वाट सांपडली, तर काम साधलें.

त्या सकाळीं ‘अकिलीस’नें हजारांहून अधिक गोळे झाडले. तोफांच्या नळ्या अशा तापल्या म्हणजे त्यांवरील रंग फोड येऊन सुटतो. कारागीर तेथें करड्याखालीं लोखंडाचा काळसर रंग थोडा उघडा दाखवितो. सर्वांत अवघड काम सर्वांत लहान आहे. ‘ग्राफ स्पे’चा एक गोळा जवळच पाण्यांत फुटला आणि त्याचे तुकडे तोफांचा नेम धरणाऱ्या उंच मनोऱ्यांत घुसले. स्वतः पॅरी जखमी झाले. ‘अकिलीस’वरील चार माणसें त्या लढाईंत मृत्यु पावलीं. हीं छिद्रें या प्रमाणांत सुईनें टोंचल्याइतकींच होतात. पाहुण्याला भिंग दिल्याशिवाय तीं दिसावयाचीं नाहींत. तीं टोंचतांना मात्र कारागिराचा हात, ओघळ काढतांना सुटला होता तसा, सुटत नाहीं.

‘दिल्ली’ या नांवानें ती नौका तीस वर्षें भारताच्या सेवेंत राहिली. १९५६ सालीं प्रदर्शित झालेल्या, प्लेट नदीच्या लढाईवरील इंग्रजी चित्रपटांत ‘अकिलीस’ची भूमिका तिनेंच केली; १९६१च्या डिसेंबरांत, गोवामुक्तीच्या मोहिमेंत, ती दीवच्या समुद्रांत होती. १९७८ सालीं मुंबईस तिची सेवा संपली आणि नंतर ती मोडण्यांत आली. तिचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट म्हणून गेला. तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट येथील आरमारी तळाच्या प्रवेशद्वाराशीं उभा आहे. बाकीचें पोलाद वितळून कोठें कोठें गेलें, त्याचा माग आतां कोण काढणार?

घरांतील कपाटावर काचेच्या पेटींत ठेवलेली एकोणीस इंचांची नौका ही उणीव भरून काढूं शकत नाहीं. परंतु एखादा मुलगा जवळ येऊन, नांगराखालीं हा तांबडा डाग कां, असें विचारतो, तेव्हां त्याला सांखळीबद्दल सांगावें लागतें. सांखळीवरून साडेतीन महिन्यांच्या प्रवासाबद्दल, त्या प्रवासावरून एका सकाळीं झालेल्या लढाईबद्दल, आणि मग भिंग हातीं देऊन मनोऱ्यावरील त्या छिद्रांबद्दल. कोऱ्या करकरीत नौकेकडे पाहून हा प्रश्न त्यानें विचारला नसता.