पायावरचं ओझं

स्नातकहो,

परिचर्या आणि समाजकार्याची पदवी घेऊन तुमच्यापैकी काही जण न्यूझीलंडला जातील. तिथल्या वृद्धसेवेत भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. म्हणून आज बोलतो आहे ते दक्षिण ऑकलंडमधल्या, सामोआ, टोंगा, नीउए, कुक बेटांवरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांविषयी. भाषा, प्रार्थना आणि कुटुंब बाजूला ठेवून त्यांची शुश्रूषा होत नाही, असं माझं ठाम मत आहे. सामोअन परिचारक फुइमाओनो कार्ल पुलोटू-एन्डेमान यांच्या 'फोनोफाले' प्रारूपात आरोग्य म्हणजे एक घर: संस्कृती हे छप्पर, कुटुंब हा पाया, मधल्या चार खांबांपैकी तीन म्हणजे शरीर, मन आणि श्रद्धा. हे नुसतं चित्र नव्हे. विसराळूपणाची तपासणी इंग्रजीत झाली की आजी पुष्कळदा फक्त मान डोलावते. समोरच्या अधिकारी माणसाला 'कळलं नाही' म्हणणं तिच्या रीतीत बसत नाही, आणि कागदावर भलतंच उतरतं. तेच चपला दाराशी काढून, केवड्याच्या जातीच्या पानांनी विणलेल्या चटईवर बसून, प्रार्थनेनंतर नातीच्या सोबतीनं तिच्या भाषेत बोलणं निघालं, की काय विसरतं आणि काय दुखतं ते हळूहळू बाहेर येतं. या मोकळ्या बोलण्याला तिकडे 'तालानोआ' म्हणतात. त्याला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा, कारण आज म्हातारी झालेली ही पिढी 1970 च्या दशकात कामगार म्हणून राबत होती, तेव्हा व्हिसाच्या तपासणीसाठी पोलीस पहाटे त्यांची दारं ठोठावत. सरकारनं त्याची माफी 1 ऑगस्ट 2021 रोजी मागितली. सरकारी माणसाची थाप त्या घरांत आजही साधी नसते.

कुणी म्हणेल, सेवा सगळ्यांना सारखी असावी, वेगळी चूल कशाला? पण सारखा नियम सारखा पोचत नाही. तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनाला वयाची अट सगळ्यांना 65 आहे. 2017-19 च्या आकडेवारीत मात्र देशातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान 80 वर्षं आणि पॅसिफिक बेटांच्या वंशाच्या पुरुषांचं 75.4. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: 'कुटुंब हा पाया' म्हणत सरकार अंग काढून घेईल आणि सगळा भार लेकीसुनांवर पडेल. ही भीती खरी आहे. पण पाया म्हटलं की तो किती ओझं पेलतो हेही मोजावं लागतं, आणि ते मोजणं तुमच्या कामाचा भाग आहे. आजीचा रक्तदाब लिहून झाला की रात्रपाळीहून आलेल्या लेकीला विचारा, ती किती तास झोपली. त्या उत्तरासाठी नोंदवहीत रकाना ठेवा, आणि तिच्याऐवजी काही तास बसू शकेल असं, तिच्या आईची भाषा बोलणारं पगारी माणूस त्या घरी पाठवा.